नकाशावरचे अंतर आणि रस्त्यावरचे अंतर

प्रश्न : पुण्यात कर्वेनगर परिसरात नदीकाठच्या एका जागेत औषधांच्या दुकानाची दुसरी शाखा काढण्याचा आमचा विचार आहे. सल्लागाराने जागेभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यातील लोकसंख्या दिली आहे. या आकड्यावर विसंबून भाडेकरार करावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एवढ्याच आधारावर करार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्वेनगर आणि सिंहगड रस्ता यांच्यामधून मुठा वाहते, त्यामुळे आपल्या वर्तुळात पलीकडच्या तीरावरची वस्तीही मोजली गेली असणार. प्रत्यक्षात तिथल्या माणसाला राजाराम पुलावरून वळसा घालून यावे लागते, आणि तापाने फणफणलेल्या मुलासाठी औषध आणायला निघालेला बाप वाटेत लागेल त्या पहिल्याच दुकानात थांबतो. म्हणून जिथून रस्त्याने दहा मिनिटांत पोहोचता येते, तेवढेच क्षेत्र नकाशावर आखून मागावे. रस्त्यांच्या जाळ्यावरून असे क्षेत्र काढण्याची सोय आता नकाशांच्या मोफत संगणक प्रणालींमध्येही आहे.

हा विचार जुनाच आहे. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद नकाशावर केली, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र पुढच्या वर्षीच्या नकाशात त्यांनी साथीचे मूळ म्हणून ज्याचा संशय होता तो ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा सार्वजनिक पंप आणि भोवतालचे इतर पंप यांच्यापासून रस्त्याने सारख्याच अंतरावर येणारी ठिकाणे जोडून एक रेषा काढली होती, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पाणी आणायला माणूस ज्या वाटेने जाईल, ती वाट त्यांनी मोजली. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार मात्र या साथीतून वाचले होते. ते त्या पंपाचे पाणी पीतच नव्हते, हे स्नो यांना तिथे जाऊन विचारल्यावरच कळले.

लोकसंख्येच्या आकड्याबद्दलही विचारणा करावी. असे आकडे बहुधा 2011 च्या जनगणनेवर आधारलेले असतात, आणि त्यानंतर पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 व 2021 मध्ये 23 गावे आली, प्रभागांच्या हद्दी बदलल्या आणि जुन्या बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. आकडा कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या हद्दीचा, हे सल्लागाराकडून लेखी घ्यावे. त्यानंतर संध्याकाळच्या वेळी जवळच्या दवाखान्यासमोर थांबून, बाहेर पडणारी माणसे कोणत्या दिशेला वळतात, हे स्वतः पाहावे.

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता आहे. गटारे तुंबल्याच्या तक्रारी आम्ही वहीत लिहितो. महागडी प्रणाली न घेता या नोंदींचा नकाशावर उपयोग करता येईल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : निश्चित करता येईल. क्यूजीआयएस ही नकाशे तयार करण्याची संगणक प्रणाली मोफत आहे आणि प्रत्येक तक्रारीच्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर मिळतात. मागील पावसाळ्यांच्या वह्यांतील पत्ते याच पद्धतीने नकाशावर चढवले, तर रस्त्याखालच्या एकाच मोरीभोवती पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी उठून दिसतील, आणि गाळ आधी कुठे काढायचा, हे मेअखेरीपूर्वीच ठरवता येईल. जमिनीच्या उंचीची मोफत माहितीही उपलब्ध आहे, परंतु त्यातील सर्वाधिक वापरली जाणारी माहिती 2000 मध्ये अवकाशयानातून टिपलेली असून, साधारण 30 मीटर बाजूच्या चौकोनाला ती एकच उंची देते. त्यावरून ओढ्याचे पाणलोट क्षेत्र काढावे. गल्लीतल्या गटाराचा उतार मात्र जागेवर लेव्हल घेऊनच, म्हणजे उपकरणाने उंची मोजूनच ठरवावा.

एका गोष्टीची काळजी आपण अवश्य घ्यावी. तक्रारींची संख्या आणि पाणी तुंबण्याचे प्रमाण या दोन गोष्टी एकच नसतात, कारण ज्यांना कार्यालयाचा फोन क्रमांक माहीत आहे आणि आपले कोणी ऐकेल असा विश्वास आहे, तेच तक्रार करतात. ओढ्याकाठच्या झोपडपट्टीत गुडघाभर पाणी शिरूनही वहीत एकही ओळ नसते, आणि तक्रारींच्या नकाशावरून खर्च ठरवला, तर निधी पुन्हा तिथेच जातो जिथे बोलणारे लोक राहतात. हा अन्याय टाळणे आपल्या हातात आहे. आपल्या सफाई मुकादमांना अशा जागा तोंडपाठ असतात. त्यांना शेजारी बसवून त्या जागा विचाराव्यात आणि वेगळ्या रंगाने त्याच नकाशावर घ्याव्यात.