पासपोर्टविना नेपाळ आणि संमतीपत्रातील एक अट

प्रश्न : मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहते. दोन वर्षांपूर्वी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. १६ वर्षांची मुलगी (अकरावी) आणि ११ वर्षांचा मुलगा माझ्याजवळ असतात. दिवाळीच्या सुट्टीत ६८ वर्षांच्या आईला घेऊन आम्ही रेल्वेने गोरखपूर आणि तेथून सोनौलीमार्गे लुंबिनी, पोखरा, काठमांडू असा दहा दिवसांचा प्रवास करणार आहोत. माझा भाऊ अमेरिकन नागरिक असून त्याच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. तो आम्हाला गोरखपूरला भेटेल. माझ्या पासपोर्टची मुदत गेल्या वर्षी संपली. मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचे आहे. आधार आणि पॅन मात्र घटस्फोटानंतर माहेरच्या नावावर करून घेतले. मुलांकडे फक्त आधार आहे. एवढ्या कागदांवर सीमा ओलांडता येईल का? भावाचा पासपोर्ट सगळ्या कुटुंबाला चालेल का? दिवाळीची अर्धी सुट्टी मुले एरवी वडिलांकडे असतात, पण ते दिवस त्यांना नंतर भरून देता येतील.

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न ओळखपत्रांविषयी आहेत आणि त्यांची उत्तरे फारशी अवघड नाहीत. अडचण आहे ती आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेल्या वाक्यात, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

नेपाळला जाण्यासाठी भारतीय नागरिकाला पासपोर्ट वा व्हिसा लागत नाही, ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की नेपाळ हा परदेश आहे याचाच विसर पडतो. पशुपतिनाथाची यात्रा काशीयात्रेला जोडून करण्याचा प्रघात असल्यामुळे त्यात भरच पडते. आपल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात मुलांच्या ताब्याविषयीच्या अटी संमतीपत्रातून आल्या असणार, आणि अशा संमतीपत्रांत ‘मुलांना भारताबाहेर नेताना दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी घ्यावी’ अशा अर्थाचे वाक्य बहुतेक वेळा असतेच. ते वाक्य लिहिताना दोन्ही बाजूंच्या मनात अमेरिका किंवा दुबई असते, नेपाळ कोणाच्याच मनात नसतो. तथापि वाक्यात ‘भारताबाहेर’ असा शब्द असेल, तर सोनौलीची कमान ओलांडून दहा पावले पुढे गेलेले मूल भारताबाहेर गेलेले असते. तेथे पासपोर्ट लागला की नाही याने त्या अटीच्या अर्थात काहीही फरक पडत नाही.

तेव्हा हुकूमनाम्याची प्रत काढून संमतीपत्राचे ताबा आणि भेटी यांविषयीचे परिच्छेद स्वतः वाचावेत. अशी अट नसली, तरी अर्ध्या सुट्टीची अट आहे हे आपणच लिहिले आहे, आणि ती मुलांच्या वडिलांच्या बाजूने आहे. ‘नंतर भरून देऊ’ हे आपण एकटीने ठरवून चालणार नाही. ते त्यांनी मान्य करावे लागेल, अन्यथा न्यायालयाने. मुलांच्या वडिलांशी बोलणे होत असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यांच्याकडून ना हरकत पत्र घेणे. त्यात मुलांची पूर्ण नावे व जन्मतारखा, जाण्यायेण्याच्या तारखा, नेपाळमधील मुक्कामाची ठिकाणे, सोबत असणाऱ्या मोठ्या माणसांची नावे आणि सुट्टीचे दिवस कोणत्या तारखांना भरून द्यायचे, एवढे असावे. पत्रावर त्यांची सही असावी आणि ते नोटरीसमोर केलेले असावे. व्हॉट्सॲपवरचे ‘हो, चालेल’ हे काहीच नसण्यापेक्षा बरे, पण त्यावर अवलंबून राहून रेल्वेत बसू नये. मागे एका प्रकरणात अशाच निरोपातल्या ‘चालेल’चा अर्थ काय, यावर दोन तारखा गेल्या होत्या.

ते सही करण्यास तयार नसतील, तर ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तेथे, म्हणजे आपल्या बाबतीत बहुधा शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात, हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली परवानगीचा अर्ज करावा. हुकूमनाम्यानंतरही मुलांच्या ताब्याविषयीचे आदेश बदलण्याचा अधिकार या कलमाने न्यायालयाला दिलेला आहे. (पालक व पाल्य कायदा, १८९० मध्येही योगायोगाने कलम २६ च असे सांगते की, न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगीवाचून पाल्याला न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेऊ नये. आपली नेमणूक त्या कायद्याखालची नाही. पण न्यायालये या विषयाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात ते त्यावरून कळते.) अर्जासोबत रेल्वेची परतीची तिकिटे, मुक्कामाचे तपशील आणि ठरल्या तारखेला मुलांना परत आणण्याची लेखी हमी जोडावी. मुलगी १६ वर्षांची असल्याने न्यायाधीश तिच्याशी स्वतंत्रपणे बोलतील, अशीही शक्यता असते. एक व्यावहारिक बाब : दिवाळीत न्यायालयालाही सुट्टी असते आणि समोरच्या बाजूला नोटीस जाऊन त्यांचे म्हणणे येईपर्यंत काही आठवडे सहज जातात. अर्ज नवरात्रापूर्वीच दाखल झालेला असावा.

परवानगीशिवाय गेल्यास सीमेवर कोणी अडवील असे नाही. तेथील जवानाला आपला हुकूमनामा ठाऊक नसतो. प्रश्न परत आल्यावर उभा राहतो. अटीचा भंग झाल्याचा अर्ज समोरून आला, तर ताब्याच्या अटी पुन्हा चर्चेला येतात, आणि आज आपल्या बाजूने असलेली परिस्थिती आपण होऊन डळमळीत करून घेतल्यासारखे होते.

आता ओळखपत्रे. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ३ प्रमाणे वैध पासपोर्ट किंवा प्रवासाचा दस्तऐवज असल्याशिवाय भारताबाहेर जाता येत नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. नेपाळ आणि भूतान हे त्याला अपवाद आहेत. त्यांपैकी नेपाळशी ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत शांतता व मैत्रीचा करार झाला आणि त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या भूमीत राहण्याफिरण्याची मोकळीक दिली. परत येण्याच्या बाजूने पाहिले, तर १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा आता राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ ने घेतली आहे. मात्र नेपाळ किंवा भूतानच्या सीमेवरून जमिनीने वा विमानाने येणाऱ्या भारतीय नागरिकाची जुनी सूट या कायद्याखालच्या नव्या आदेशातही कायम आहे.

ही सूट पासपोर्टातून आहे, ओळख पटवण्यातून नाही. आपण भारतीय नागरिक आहोत हे दाखवण्यासाठी मोठ्या माणसाकडे दोहोंपैकी एक कागद असावा लागतो : वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. मुदत संपलेला पासपोर्ट यात बसत नाही. आधारही बसत नाही, कारण आधार हा रहिवासाचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील व्यक्ती यांच्यापुरतेच ते वय व ओळख दाखवण्यासाठी चालते. म्हणजे आपल्या आई आणि मुलगा यांचा प्रश्न त्यांच्या आधार कार्डाने सुटतो. मूळ कार्ड बरोबर ठेवावे. मोबाईलमधली प्रत पुण्यात सगळीकडे चालते म्हणून सोनौलीपलीकडच्या, नेपाळच्या हद्दीतील बेलहियाच्या चौकीवरही चालेल, असे धरून चालू नये.

राहता राहिल्या आपण आणि मुलगी. आपले मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचे आहे म्हणून आपल्याला ते कुचकामी वाटत असावे. माझे मत नेमके उलट आहे. ते कार्ड आपलेच आहे, त्यावरचा फोटो आपला आहे, आणि मतदार यादीतील नोंद कायम असेपर्यंत ते वैध आहे. स्वतःचे जुन्या नावाचे कार्ड दाखवण्यात तोतयेगिरी होत नाही. शिवाय मुलांच्या महापालिकेतील जन्मदाखल्यांवर आईचे जे नाव आहे तेच या कार्डावर असणार. आपल्याकडे लग्नात बाईचे केवळ आडनाव नव्हे, तर मधले नावही बदलते आणि कधी कधी पहिलेही. त्यामुळे घटस्फोटानंतर माहेरच्या नावाचे आधार आणि मुलांचा जन्मदाखला शेजारी ठेवले, तर ही बाई या मुलांची आई आहे हे त्यातून दिसतच नाही. मतदार ओळखपत्र आणि जन्मदाखला शेजारी ठेवले की ते दिसते. हे कार्ड नमुना ८ भरून दुरुस्त करून घ्यायचे आहेच, परंतु ते काम प्रवासाहून परत आल्यावर करावे. दोन नावांना जोडणारा दुवा म्हणून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, आणि राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला असल्यास त्याची प्रत, सोबत असू द्यावी. कार्ड जुने असेल आणि त्याचे लॅमिनेशन सुटून फोटो पुसट झाला असेल, तर मात्र दुसरी प्रत आधीच मागवून घ्यावी, कारण चौकीवरचा माणूस नाव वाचण्याआधी फोटोकडे पाहतो.

मुलीचे वय १६, म्हणजे ती लहान मुलांच्या सवलतीत बसत नाही आणि मतदारही नाही. तिच्यासाठी दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही धरायला सांगेन. पहिली म्हणजे १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांसाठी प्राचार्यांनी विहित नमुन्यात द्यायचे ओळख प्रमाणपत्र. कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात ‘बोनाफाईड’ मागितला की जो छापील कागद मिळतो तो हा नव्हे. या प्रमाणपत्रावर मुलीचा फोटो, जन्मतारीख आणि इयत्ता हवी, आणि महाविद्यालयाचा शिक्का अर्धा फोटोवर व अर्धा कागदावर येईल असा मारलेला हवा. दुसरी वाट कुटुंबाची : कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि त्यातील एका प्रौढ व्यक्तीकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर इतरांना तेच कागद लागत नाहीत, पण प्रत्येकाकडे फोटो असलेली कोणती तरी ओळख आणि नात्याचा पुरावा हवा. शिधापत्रिका यासाठी चालते, मात्र तिच्यावर प्रत्येकाचा फोटो नसतो आणि घटस्फोटानंतर तिच्यात नावे कोणाची उरली आहेत हेही एकदा पाहावे लागेल. मुलांचे जन्मदाखले बरोबर घ्यावेत ते याचसाठी.

कुटुंबातील ‘एक प्रौढ व्यक्ती’ म्हणून भावाचा पासपोर्ट पुढे करू नये. ही सवलत भारतीय नागरिकांची आहे आणि आपला भाऊ कायद्याने भारतीय नागरिक नाही. ओसीआय कार्डाला नागरिकत्व म्हणण्याची सवय पडली असली, तरी नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७अ खालची ती केवळ नोंदणी आहे आणि व्यवहारात तो आजीवन व्हिसा आहे. त्यामुळे सीमेवर त्यांचा मार्ग आपल्यापेक्षा वेगळा असेल. त्यांनी अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड घेऊन सोनौलीच्या भारतीय इमिग्रेशन कार्यालयात निर्गमनाचा शिक्का घ्यायचा, कमान ओलांडून बेलहियाला नेपाळच्या कार्यालयात व्हिसा घ्यायचा (१५ दिवसांसाठी ३० डॉलर, रोख डॉलर जवळ असलेले बरे), आणि परतताना हाच क्रम उलटा करायचा. आपल्या बाजूचे ते कार्यालय बाजाराच्या रस्त्यालगत, दुकानांच्या ओळीत आहे आणि रिक्षातून बोलत बोलत जाताना ते मागे पडते. आपल्याला तेथे थांबावे लागत नाही, म्हणून भाऊही आपल्याबरोबर सरळ पुढे निघून जातील आणि पासपोर्टवर शिक्का नाही हे काठमांडूत लक्षात येईल. सोनौलीला त्यांना आधी उतरवावे आणि शिक्का झाल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये.

दिवाळीला अवकाश असेल, तर आपल्या पासपोर्टाच्या नूतनीकरणाचा अर्ज आजच करावा, असेही सुचवते. ३६ पानी पुस्तिकेला साधारण पद्धतीने १५०० रुपये आणि तत्काळमध्ये ३५०० रुपये शुल्क आहे, आणि मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होते. पतीचे नाव काढण्यासाठी २०१६ च्या बदलांनंतर अडचण येत नाही. आडनाव बदलायचे असल्याने हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागेल. पासपोर्ट वेळेत आला, तरी मतदार ओळखपत्र घरी ठेवू नये. प्रवासात कोणी आजारी पडून काठमांडूहून विमानाने परतावे लागले, तर विमान कंपनीच्या खिडकीवर हेच दोन कागद पाहिले जातात, आणि तेथे कुटुंबाच्या सवलतीवर वाद घालत बसण्यात विमान चुकते. मुलीसाठीही पासपोर्ट काढायचा विचार असेल, तर दुसऱ्या पालकाची संमती नसतानाही एका पालकाच्या घोषणापत्रावर आणि ताब्याच्या आदेशावर तो अर्ज करता येतो, मात्र त्या घोषणापत्रात न्यायालयीन प्रकरणाविषयी खरी माहिती द्यावी लागते.

कागद हरवले, तर स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून काठमांडूतील भारतीय दूतावासात जावे. तेथे परतीच्या एका प्रवासापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी सर्व कागदांच्या छायाप्रतींचा एक संच आईच्या पिशवीत वेगळा ठेवावा. वडिलांचे ना हरकत पत्र किंवा न्यायालयाचा आदेश यांची प्रत त्या संचात असावीच. सीमेवर तो कागद कोणी मागणार नाही, पण दूतावासात मुलांच्या प्रमाणपत्रासाठी आई एकटीच उभी असेल, तर वडिलांविषयी विचारणा होऊ शकते.