लेकीच्या तासांचा हिशेब

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी सप्टेंबर २०२५ मध्ये एक वर्षाच्या एमएससीसाठी इंग्लंडला, लेस्टरला गेली. विषय सप्लाय चेन. घर गहाण ठेवून बँकेचं २२ लाखांचं कर्ज काढलं. ती तिथल्या एका सुपरमार्केटमध्ये पार्टटाइम काम करते. नाताळापर्यंत आठवड्याला १८-२० तास काम मिळत होतं, जानेवारीत ते ८, मग ६, मग ४ तासांवर आलं. वडील विचारतात: "ती कामात कमी पडते का? महिन्याला २० हजार पाठवायचं ठरलं होतं, ते आता कसं जमायचं? ओळखीच्यांच्या हॉटेलात आठवड्याला १५ तास रोखीवर काम आहे, ते धरायला सांगू का? नाहीतर परत बोलावून एमपीएससीला बसवू?"

नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेतलं. 'तास' हा शब्द त्यात एकोणीस वेळा आला आहे. तिच्या विषयाचं नाव एकदाच आलं आहे. जानेवारी हा तिथे पहिल्या सत्राच्या परीक्षांचा आणि असाइनमेंट देण्याचा महिना. ती परीक्षा कशी गेली याबद्दल एक ओळही नाही.

तुम्ही लिहिता, "रोज रात्री फोनवर पहिलं हेच विचारतो, या आठवड्यात किती तास लागले." इथे रात्रीचे दहा म्हणजे हिवाळ्यात तिथे दुपारचे साडेचार, बाहेर अंधारून आलेलं. लेक्चर संपवून आलेल्या पोरीला घरचा पहिला प्रश्न हा. मला मार्कांची काळजी नंतर वाटली, आधी या प्रश्नाची वाटली. ज्या गोष्टीवर तिचा काडीचा ताबा नाही, तिचा जाब तुम्ही तिला रोज विचारताय.

ती कामात कमी पडत नाही. दुकानाच्या मॅनेजरला वरून कामाच्या तासांचं बजेट येतं, आणि ते ठरतं अंदाजे विक्रीवर. ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत विक्री चढते, माणसं लागतात. जानेवारीत गिऱ्हाईक आटतं, बजेट कापलं जातं, आणि ज्यांच्या करारात ठरावीक तास शून्य आहेत त्यांच्यावर पहिली कात्री चालते. तुमच्या मुलीचा करार असाच, 'झिरो अवर्स'चा. तिच्या रोट्याचा, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाचा, जो फोटो तुम्ही पाठवलात, तो नीट पाहा. सोमवारी संध्याकाळी ५ ते ९. शनिवारी सकाळी ६ ते ८. ही शनिवारची शिफ्ट शुक्रवारी रात्री पावणेअकराला टाकलेली आहे. म्हणजे पहाटे पाचला उठायचं, थंडीत बस धरायची, दोन तास शेल्फ भरायचे आणि घरी यायचं. हाती २४ पौंड, त्यातले पाच-सहा बसला. अशा आठवड्यातही ती गेली. तिला आळशी म्हणू नका.

आता तुमच्या वहीतला हिशेब. २० तास गुणिले १२.२१ पौंड गुणिले ५२ आठवडे, पौंडाचे १२० रुपये धरून वर्षाला पंधरा लाख. हा हिशेब मी दर वर्षी कित्येक घरांत पाहते आणि दर वर्षी तो चुकीचाच असतो. व्हिसावर लिहिलेले २० तास ही वरची मर्यादा आहे. तेवढं काम मिळेलच असं कुणीही, कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय ही मर्यादा सोमवार ते रविवार अशा प्रत्येक आठवड्याची स्वतंत्र असते. या आठवड्यात ४ तास मिळाले म्हणून पुढच्या आठवड्यात ३६ करता येत नाहीत, सरासरी धरत नाहीत. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हीकडचे तास एकत्र मोजतात. आणि "उन्हाळ्याच्या सुट्टीत फुल टाइम करेल" असं जे तुम्ही लिहिलंय, तेही होणार नाही. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळा हा प्रबंधाचा काळ असतो, तो सत्रातच धरतात. कोर्स संपेपर्यंत २० म्हणजे २०. जानेवारीच्या तीन आठवड्यांत तिला १८ तास मिळाले, म्हणजे साधारण २२० पौंड. खोलीचं भाडंच ४८० आहे. या पैशांतून तिने बार्शीला काय पाठवायचं?

हॉटेलातल्या रोखीच्या कामाला स्पष्ट नकार द्या, आजच. ज्या आठवड्यात तिला सुपरमार्केटमध्ये ६ तास मिळाले, त्यात १५ मिळवले की २१ झाले. नियम तिथेच मोडला. मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर तो डाग राहतो. बेकायदा कामावर ठेवणाऱ्याला पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे. उद्या तपासणी आली तर तुमचे ओळखीचे आधी स्वतःला वाचवतील.

कर्जाच्या मंजुरीपत्राचा फोटो जोडलात हे बरं केलंत. त्यात लिहिलंय की अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष हप्ता नाही. मग हे २० हजार आले कुठून? अभ्यासाच्या काळात व्याज दरमहा भरलं तर दरात एक टक्का सवलत आहे, त्या व्याजालाच तुम्ही हप्ता समजून बसलात. २२ लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला २२ हजार रुपये, १८०-१८५ पौंड. व्याज साचतं आणि पुढे मुदलाला चिकटतं हे खरं आहे. तुम्हाला इथून जमेल तेवढं भरा. पण त्या सवलतीसाठी मुलीला हॉटेलात भांडी घासायला लावू नका.

एक गोष्ट तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलीत, म्हणून मीही स्पष्ट बोलते. राहण्याखाण्याच्या खर्चाचे पैसे मेहुण्यांकडून घेऊन २८ दिवस खात्यात ठेवले आणि व्हिसा आल्यावर परत केले. नऊ महिन्यांचा खर्च दाखवायला लावतात, तो विद्यार्थ्याला कमाईशिवाय राहता यावं म्हणून. तुम्ही ते पैसे काढून घेतलेत आणि पहिल्या महिन्यापासून तिचं जेवण शिफ्टवर टांगलंत. एजंट म्हणाला असेल, सगळेच असं करतात. तरी ती चूक होती, आणि तिची भरपाई ती पहाटे पाचला उठून करते आहे.

आता तिने काय करावं. ठरावीक तास नसले तरी तिथे भरपगारी रजा मिळते, काम केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के. नाताळापर्यंत तिने सुमारे १९० तास काम केलं, म्हणजे जवळजवळ २३ तासांची रजा, २८० पौंडांच्या आसपास. काही ठिकाणी ही रक्कम दर पगारातच वेगळी दाखवून देतात. पेस्लिपवर तशी ओळ नसेल तर तिने मॅनेजरला ईमेल करून रजेचे पैसे मागावेत. लाजायचं कारण नाही, तो तिचा हक्क आहे. किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड होईल, तेही तपासावं. आपण कोणत्या वारी येऊ शकतो हे लेखी द्यावं, आणि थोडे का होईना, ठरावीक तासांचा करार मागावा. डिसेंबर २०२५ मध्ये तिथे नवा कामगार हक्क कायदा झाला आहे, पण त्यातली ठरावीक तास देऊ करण्याची तरतूद लागू होईपर्यंत तिचा कोर्स संपलेला असेल. त्याच्या भरवशावर बसू नये. विद्यापीठातल्या कामांसाठी अर्ज करावा: लायब्ररी, ओपन डेला नव्या मुलांना कॅम्पस दाखवणं. तिथल्या लोकांना व्हिसाचे नियम आणि परीक्षेचं वेळापत्रक दोन्ही ठाऊक असतं. अडचणीत आलेल्या विद्यार्थ्यांसाठी हार्डशिप फंड असतो, परदेशी मुलांना त्यात घेतात का ते विद्यार्थी संघाच्या सल्ला केंद्रात विचारावं.

एमपीएससी? पदवी हातात आहे, ती परीक्षा कुठे पळून जात नाही. त्यासाठी कोर्स अर्धवट सोडू नये.

तुमच्या वहीत एक तारीख मात्र ठळक लिहून ठेवा: ३१ डिसेंबर २०२६. शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी शोधायचा ग्रॅज्युएट व्हिसा या तारखेपर्यंत अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून तो दीड वर्षाचा होतो. कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने कळवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. शिफ्टच्या पायी एखादा पेपर राहिला, प्रबंध लांबला, तर सहा महिने हातचे जातील. सहा महिन्यांच्या खऱ्या नोकरीचा पगार तुमच्या त्या २० हजारांशेजारी मांडून बघा.

पत्रात एका जागी तुम्ही चिडून लिहिलंय, "उरलेल्या मालावर अर्ध्या किमतीची पिवळी लेबलं चिकटवायला का पाठवली तिला?" अहो, तोच तर तिचा विषय आहे! कोणता माल उरला, का उरला, किती वाजता भाव उतरवला तर तो कचऱ्यात जाण्याआधी खपतो, कंपन्या याच प्रश्नांसाठी सप्लाय चेनची माणसं घेतात. दुकानातल्या साहाय्यकाच्या कामावर तिथे पुढचा वर्क व्हिसा मिळत नाही, त्यामुळे तिथे तास वाढवून करिअर होणार नाही. पण त्या शेल्फसमोर जे दिसतं त्यावर तिचा प्रबंध होऊ शकतो, आणि मुलाखतीत ते पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. तिने आपल्या गाईडशी या महिन्यातच बोलावं.

तुम्ही मात्र मेहुण्यांकडे पुन्हा जा. तीन महिन्यांचं भाडं १,४४० पौंड, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आत. या वेळी ते पैसे दाखवायला नकोत, तिला पाठवायला हवेत. मग रात्री फोन लावा आणि पेपर कसे गेले ते विचारा. पिवळ्या लेबलांबद्दलही विचारा. त्या दुकानात कशाला गिऱ्हाईक आहे आणि काय पडून राहतं, हे ती तुम्हाला बरंच सांगू शकेल.