एका तारेवर गाणे

प्रश्न : अमेरिकेतील ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचा एक प्रकार) गाणारे लॉनी पिचफर्ड हे घरी बनवलेले, एकाच तारेचे वाद्य वाजवत असत, असे वाचनात आले. आपल्या तुणतुण्यालाही एकच तार असते, पण त्यातून एकच सूर निघतो. मग पिचफर्ड पूर्ण गाणे कसे वाजवत? हे वाद्य घरी करून पाहता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : या वाद्याला ‘डिडली बो’ म्हणतात. पिचफर्ड (१९५५–१९९८) हे मिसिसिपी राज्यातील लेक्सिंग्टनचे. त्या भागातील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील मुले, गिटार विकत घेणे शक्य नसल्याने, झाडूच्या काड्या आवळून धरणारी तार उलगडून काढीत आणि घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधीत. तारेच्या दोन्ही टोकांखाली बाटली किंवा विटेचा तुकडा सरकवला, की तार आणखी ताणली जाते आणि तिचे कंपन भिंतीत उतरते. सतारीला भोपळा असतो, तशी इथे घराची भिंतच घुमते. पिचफर्ड यांनी हीच रचना फळीवर आणून, तिला विजेची जोड देऊन रंगमंचावर नेली. त्यांच्या कबरीच्या दगडालाही बाजूने अशी एक तार बसवलेली आहे आणि ती वाजवता येते.

आता मुख्य मुद्दा. तुणतुण्यात तार एका टोकाला कातड्याच्या मधोमध अडकवलेली आणि दुसऱ्या टोकाला खुंटीला गुंडाळलेली असते. ती मोकळीच छेडली जाते, त्यामुळे तिची लांबी बदलत नाही आणि सूरही बदलत नाही. ही उणीव समजू नये. शाहिराच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याला सूर आणि लय धरून ठेवायची असते, चाल वाजवायची नसते. डिडली बो वाजवणारा मात्र एका हाताने तार छेडतो आणि दुसऱ्या हातातील काचेची बाटली तारेवरून सरकवतो. बाटली जिथे टेकेल तिथे तारेची कंप पावणारी लांबी तुटते. मोकळ्या ३६ इंच तारेचा सूर षड्ज मानला, तर २७ इंचांवर मध्यम, २४ इंचांवर पंचम आणि नेमक्या निम्म्यावर, म्हणजे १८ इंचांवर, तार षड्ज मिळतो. पडदे नसल्याने मधल्या सर्व जागा खुल्या राहतात. ब्लूजमधील तो कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मध्ये रेंगाळणारा स्वर बाटलीला सहज सापडतो. म्हणूनच या वाद्याचे नाते, माझ्या मते, तुणतुण्यापेक्षा काचेच्या बट्ट्याने वाजणाऱ्या विचित्रवीणेशी जोडावे, कारण तारांची संख्या कितीही वेगळी असली तरी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) काढण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

घरी अवश्य करून पाहावे. विटा-सिमेंटच्या भिंतीवर मात्र खिळे ठोकू नयेत. भिंत दाद देणार नाही, शेजारी देतील. सुमारे साडेतीन फुटांची जाड फळी, दोन मजबूत खिळे, गिटारची पोलादी तार आणि टोकांखाली सरकवायला दोन छोट्या बाटल्या एवढे साहित्य पुरते. एका बाटलीऐवजी पत्र्याचा रिकामा डबा ठेवल्यास आवाज मोठा होतो. तार ताणताना चेहरा दूर ठेवावा, कारण तुटलेली तार उसळून लागते. बाटली तारेवर दाबू नये, नुसती टेकवावी.