‘युनिएट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: गॅलिसियातल्या (आजचा आग्नेय पोलंड आणि पश्चिम युक्रेन) एका खेड्याचा इतिहास मराठीत आणताना ‘१५८० साली बांधलेले युनिएट पॅरिश चर्च’ असे वाक्य आले. ‘एकतावादी चर्च’ चालेल का?

नाही चालणार. वाचकाच्या डोक्यात लगेच युनिटेरियन पंथ येईल, आणि तो तर त्रैक्यच (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे) नाकारतो. इथे मुळात आहे ‘उनिया’, म्हणजे जोडणी. १५९६ साली ब्रेस्त इथे पोलंड-लिथुआनियातल्या बहुतेक ऑर्थोडॉक्स (पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या) बिशपांनी पोपचे अधिपत्य मान्य केले; उपासनेचा बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडचा ग्रीक वळणाचा विधी, स्लाव्होनिक भाषा आणि विवाहित पुरोहित मात्र राखले. ‘युनिएट’ हा शब्द पुढे हेटाळणीचा झाला. गॅलिसियावर तेव्हा राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाने १७७४ साली ‘ग्रीक कॅथलिक’ हे नाव रूढ केले, आजही तेच चालते. यातले ‘ग्रीक’ विधीपुरते, वंशाचे नव्हे. ‘पॅरिश’ला, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या भाविकांना नि परिसराला, वसईचे कॅथलिक वापरतात तो ‘धर्मग्राम’ छान आहे.

पण माझ्या मते खरी खोट त्या सालात आहे. १५८० मध्ये उनिया झालेलीच नव्हती! गॅलिसियात तर ती आणखी उशिरा पोचली: पशेमिश्लचा धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश) १६९१ साली, ल्विवचा १७०० साली. गावाने काही ठरवले नाही. बिशप उनियात गेला, त्याच्यामागे निदान कागदावर तरी सगळे धर्मग्राम गेले. इमारत तीच, पुरोहित बहुधा तोच.

‘बांधलेले’ हेही तपासा. अशा खेड्यांत सर्वांत जुने साल पुष्कळदा करवसुलीच्या नोंदीत सापडते, कारण पुरोहितावरही कर होता. त्यातून चर्च तेव्हा होते एवढेच कळते. लाकडी चर्चे जळत, पुन्हा उभी राहत. इमारत, आयकॉन (पवित्र चित्रे), ग्रंथ, पुरोहिताची जमीन यांचा तपशील हवा तर अठराव्या शतकातल्या बिशपांच्या तपासणीचे अहवाल पाहावेत. आणि जुन्या लॅटिन कागदांत ‘सिनागोगा’ (एरवी ज्यूंचे प्रार्थनास्थळ) दिसले तर दचकू नका, पोलंडमधले लेखनिक ऑर्थोडॉक्स चर्चलाही तसे लिहीत.

तेव्हा मूळ कागद करनोंदच असेल तर वाक्य असे करा: ‘१५८०च्या करनोंदीत उल्लेख असलेले, तेव्हा ऑर्थोडॉक्स आणि पुढे ग्रीक कॅथलिक झालेले धर्मग्रामाचे चर्च.’ लांबलचक आहे, पण बरोबर आहे.