घरातलं विचारा: खोबरेल प्यालेला सोफा

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी मुलाने तपकिरी लेदरचा सोफा घेऊन दिला. यंदा मे महिन्यात बैठकीवर बारीक भेगा दिसायला लागल्या. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून एका कुशनला खोबरेल लावलं, तर ते काळपट झालं आणि आता धूळ चिकटते. 'हे' डोकं टेकतात तिथेही काळा डाग आहे. साबणाने पुसू का?
– एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, साबण नको. आणि एकाच कुशनवर थांबलात, हे नशीब समजा. माझं सोफा दुरुस्तीचं दुकान नवं होतं तेव्हा एका डॉक्टरांच्या खुर्चीला मी हौसेने खोबरेल चोळलं. पंधरा दिवसांत खुर्ची चिकट झाली आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर पाठभर पट्टा उमटला. कव्हर पदरच्या पैशाने बदलून दिलं.

आधी कुशनची चेन उघडून कव्हर आतून बघा. विणलेलं कापड दिसलं तर रेग्झिन, केसाळ तंतू दिसले तर कातडं. तुमचं तेल पिऊन काळवंडलं, म्हणजे कातडंच असावं. रेग्झिन तेल पीत नाही. मात्र पुष्कळ सोफ्यांना बैठकीला लेदर आणि मागे-बाजूला रेग्झिन असतं, म्हणून सगळीकडे तपासा. रेग्झिनचे पापुद्रे सुटले की त्यावर इलाज नाही, कव्हरच बदलायचं.

तेलकट कुशनवर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झाडा. असं तीन-चार रात्री करा. सगळं तेल निघणार नाही, पण चिकटपणा जाईल. डोक्याचा डाग म्हणजे तरी काय, केसांचं तेलच! तिथेही हेच करा आणि पुढे पांढरा टर्किश टॉवेल टाका. आपल्या गावात टॉवेलाला काय तोटा? नवी लालभडक चादर मात्र टाकू नका. घामाने तिचा रंग सुटतो आणि कातड्यात उतरतो.

साबण, खायचा सोडा, दोन्ही अल्कधर्मी; कमावलेलं कातडं किंचित आम्लधर्मी असतं, ते यांनी कोरडं पडतं. पुसायचं तर आधी सोफ्याच्या मागे, दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. मुरून काळा पडला तर पाणी लावूच नका, कोरडं फडकं बस्स. थेंब तसाच राहिला तर ओलसर, घट्ट पिळलेलं सुती फडकं फिरवा आणि लगेच कोरड्याने पुसा. बोअरचं पाणी नको, क्षारांचे पांढरे डाग राहतात. फिल्टरचं वाटीभर पुरतं.

भेगांचं मूळ ऊन आहे. पश्चिमेच्या खिडकीला लागून सोफा असेल तर आजच हात-दीड हात पुढे ओढा. कूलरचा झोतही थेट त्यावर नको. लेदर कंडिशनर मिळतं, ते मागे लावून पाहून मग पातळ हाताने चोळा. वर्षातून दोनदा पुरे: गड्डा (आपली संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) संपला की एकदा, दसऱ्याला एकदा. बारीक भेगा त्याने कमी दिसतील. नख अडकेल इतक्या खोल भेगांना भराव आणि रंग लागतो, ते कारागिराकडूनच करून घ्या. तोवर बूट पॉलिश लावायचा मोह होईल; लावलंत तर 'ह्यां'ची प्रत्येक पँट धुवायला तयार राहा.