नेत्याच्या चिलखताआधी त्याची गरज ठरव

तुझ्या कथेतल्या यंत्रजीवांची आणि त्यांच्या नेत्याची रेखाटनं आवडली! पण नेत्याचं चिलखत जरा बाजूला ठेव. आधी ठरव, या जीवांना जगायला काय लागतं आणि ते मरतात कशाने.

१९९५च्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी ॲनिमेशनपटातला पपेट मास्टर बघ, म्हणजे स्वतःची जाणीव आलेला संगणक प्रोग्राम. त्याला जग जिंकायचं नाहीये. स्वतःच्या नुसत्या नकला काढल्या तर एकच विषाणू सगळ्यांना संपवू शकतो, म्हणून त्याला वेगळेपण असलेली संतती हवी आहे. आणि हो, मरणसुद्धा! या एका उणिवेवर अख्खं पात्र उभं आहे.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- सगळ्यात थोराड यंत्र तोच नेता. बाकीचे त्याचं का ऐकतात, हे एका वाक्यात लिही.
- सगळ्यांनाच माणसांचा द्वेष. एकाला तरी दुसरं काही हवं असू दे.

यंत्रांचा तपशील नंतर. आधी एक जीव, एक पान. झालं की दाखव.