आईची एफडी मोडून कौलं काढायची का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, जैतापूरजवळ दुपाखी (दोन उतारांचं) कौलारू घर, आई एकटी राहते, छप्पर साधारण 1600 चौरस फूट, फॅब्रिकेटरने लोखंडी पाइप आणि कलर पत्रा मिळून 4 लाख 80 हजारांचं कोटेशन दिलंय आणि भाऊ म्हणतो आईच्या 5 लाखांच्या एफडीतून करून टाकू, कारण दर मे महिन्यात कौलं परतायला 12 हजार जातात आणि माकडं ऑगस्टमध्ये परत फोडतातच.

एफडीला हात लावू नका. तुम्हीच लिहिलंय की 7.2 टक्के व्याज मिळतं, म्हणजे 4 लाख 80 हजारांवर वर्षाला 34 हजार 560, त्यात आईची औषधं आणि लाइट बिल भागतं, ते बंद करून वाचवणार काय तर 12 हजार! वर मुदतीआधी मोडली की बँक व्याजात कापणार ते वेगळंच. पत्रा टाकला की 30 वर्षं बघायला नको असं भावाला वाटतं, पण खाऱ्या वाऱ्यात स्क्रूच्या भोकापासूनच गंज धरतो, वॉरंटी कार्डावर समुद्रापासून किती अंतरावर लागू ते बारीक अक्षरात असतं, ते आधी वाचायला सांगा त्याला. आणि एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखाली बसून दाखव म्हणावं. जुलैत तर आईला तुमचा फोनसुद्धा ऐकू येणार नाही.

कोटेशनमधली एक ओळ मला जास्त खटकली, "जुनी कौलं आम्ही नेऊ, उतरवायची मजुरी नाही". अहो, फुकट कोण काय नेतं? एवढ्या छपरावर सव्वादोन-अडीच हजार मंगलोरी कौलं असणार, त्यातली चांगली होमस्टेवाले पैसे मोजून घेतात. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळुरात 1865 साली कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं बनतायत, भाजायला लागलं ते सरपण एकदाच जळालंय, आता नवीन पत्र्यासाठी परत कशाला काही वितळवायचं. एक कौल उतरवा, उलटं करून कारखान्याचा शिक्का बघा, बोटाने टकटक करा, खणखणीत वाजलं तर अजून चालेल, बद्द वाजलं तर बाजूला काढा.

खरं दुखणं कौलांचं नाहीच. तुमच्या फोटोत पागोळ्यांच्या बाजूला वाशाची टोकं वाळवीने पोखरलेली दिसतायत. सुताराने वासे-रिपांचे 1 लाख 10 हजार सांगितलेत ना, तो खर्च टाळू नका. यंदा दक्षिणेकडचं जास्त खराब पाख, पुढच्या वर्षी दुसरं, म्हणजे वर्षाला 55 हजार, तुम्ही आणि भाऊ निम्मे निम्मे. फणसाची फांदी छपरावर आलीय ती आधी तोडा, माकडं तिथूनच उतरतात. तरी काही फुटतीलच, म्हणून शंभरेक जुनी कौलं मांगरात (सामानाच्या खोपीत) रचून ठेवा. वादळाचं म्हणाल तर निसर्ग चक्रीवादळात (जून 2020) दापोली-श्रीवर्धनकडे कौलं पण गेली आणि पत्रे पण गेले, त्यात कोणी जिंकलं नाही, फक्त फुटलेलं कौल तेवढं एकेक बदलता येतं.

सोलरसाठी पत्रा हवा हेही कारण तुम्ही लिहिलंय, ते मला पटत नाही. केंद्राच्या सूर्यघर योजनेत (छपरावरच्या सोलरसाठीची) 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे हे खरं, पण आईचं बिल महिन्याला 400 येतं, त्यात काय वसूल होणार.

आणि घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते म्हणालात. मग काकांच्या मुलांचाही हिस्सा असू शकतो, त्यांच्याशी न बोलता आईचे पावणेपाच लाख सामायिक छपरावर घालायचे म्हणजे उद्या भांडणाला तोंड. दुरुस्तीचं त्यांना निदान कळवून ठेवा, व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी.

सुताराला आत्ताच बयाणा द्या, एप्रिलनंतर सापडत नाहीत. न्हाणीघरावरचे जुने सिमेंटचे पत्रे मात्र कोणाला ग्राइंडरने कापू देऊ नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं, पाणी मारून अख्खेच उतरवायला सांगा.